ओस्टरमनसाठी राखलेली जागा

बायकोने सांगितलेलं काम नवऱ्याने सांगितल्याबरोबर आणि मन लावून केलं तर काय होतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. (आमच्या घरी असा प्रसंग याआधी आलाच नव्हता, त्यामुळे सावध करायलाही कुणी नव्हतं.)

मार्चमधला शुक्रवार होता. रात्री भरपूर बर्फ पडला होता आणि मी रजेवर होतो. डोरीन कोट चढवता चढवता म्हणाली, "लेन, अकरा वाजता माझा ग्राहक येतोय समोरचं घर बघायला. आपल्या दारापुढचा बर्फ काढ आणि ती जागा त्याच्या गाडीसाठी राखून ठेव. दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस."

"कोण ग्राहक?"

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय."

"नवऱ्यालाही नाही?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही, असं मी माझं ठरवलंय."

याचं मला वाईट वाटलं नाही. मी पिट्सबर्गच्या पाणीपट्टी कार्यालयात कारकून आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, आणि संध्याकाळी त्यातल्या चांगल्या चांगल्या शेजारच्या चेटला सांगतो. डोरीनला हे ठाऊक आहे.

डोरीनचं मात्र या ग्राहकावर सगळं अवलंबून होतं. शाळेच्या मुदपाकखान्यात उभी हयात डाव फिरवून तिने पन्नाशीत घरं विकण्याची परीक्षा दिली, पासही झाली. पण अख्खा हिवाळा गेला तरी एक घर विकलं गेलं नव्हतं. समोरचं मिसेस पाव्हलिकचं घर तर तिने कितीजणांना दाखवलं. एकजण म्हणाला, पायऱ्या फार आहेत. एक बाई म्हणाली, कोबीचा वास येतो. तिसरा पायऱ्यांवरून घसरला आणि काहीच म्हणाला नाही. "ईस्टरपर्यंत नाही गेलं तर मी परत डाव हातात घेते," असं ती आदल्या रात्री हसत म्हणाली होती. मी तिचं हसणं ओळखतो. त्या हसण्याने मला झोप लागली नाही.

(झोप न लागण्याचं दुसरंही कारण होतं. ग्रेडी ओस्टरमन पुढच्या हंगामात कुठे खेळणार?)

आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा माणूस. आमच्या संघाने गेल्या काही वर्षांत जे जे क्वार्टरबॅक आणले, त्या सगळ्यांनी तो समोरच्या संघाकडे फेकायचं ठरवलं. ओस्टरमन तसा नव्हे. दक्षिणेतल्या एकाच शहरासाठी तो जन्मभर खेळला. आता चाळिशीचा झाला, करार संपला, आणि जानेवारीपासून देशात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे तो आमच्याकडे येणार, कुणी म्हणे समुद्रकाठच्या संघात जाणार, कुणी म्हणे खेळ सोडून गाई पाळणार.

"समुद्रकाठी जाणार," चेट म्हणायचा. चेट मिहालिक म्हणजे निवृत्त बसचालक. आयुष्यभर लोकांना कुठे जायचंय ते आपल्याला कळत आलं, असं त्याचं मत आहे. "गुडघेदुखीचा माणूस. त्याला ऊन पाहिजे."

"तो इथे येणार. आणि आला की शंभर माणसांत मी त्याला सगळ्यांत आधी ओळखणार."

असो. मी फावडं घेतलं आणि दारापुढचा बर्फ उपसला. कंबर धरली. मग स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची आणून त्या जागेच्या मधोमध ठेवली. आमच्याकडे ज्याने बर्फ उपसला त्याची ती जागा, आणि खुर्ची ठेवली की विषय संपला. त्यावर पोलीस बोलत नाहीत, पाद्री बोलत नाहीत. आमच्या टेकडीवरचा माणूस एखाद्या वेळी दुसऱ्याची बायको पळवेल, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणार नाही.

डोरीन समोरच्या घरात गेली होती. कोबीच्या वासावर उतारा म्हणून तिथल्या ओव्हनमध्ये ती दालचिनीचे रोल भाजत होती. चेट त्याच्या व्हरांड्यात कॉफी पीत बसला होता. मी खिडकीत पहारा देत उभा होतो. अकराला थोडा वेळ असताना एक साधी निळी गाडी आली. तिच्यातून एक उंच माणूस उतरला. गुळगुळीत दाढी केलेला, कानांवर लोकरीची टोपी ओढलेला, एका पायाने किंचित लंगडणारा. त्याने माझी खुर्ची उचलली आणि अगदी अदबीने फुटपाथवर ठेवली.

चेटचा कप ओठांपाशीच थांबला. मी सपाता घालूनच बाहेर धावलो.

"ओ साहेब! ती खुर्ची आहे!"

"हो, दिसली," तो म्हणाला.

"दिसली आणि तरी उचललीत?"

"मला सांगितलं होतं, खुर्ची बाजूला करा आणि गाडी लावा."

"कुणी सांगितलं?"

"एका बाईंनी."

"अहो, खुर्ची बाजूला करा असं सांगणारी बाई या टेकडीवर अजून जन्मायचीय!"

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.)

"नाव काय त्या बाईंचं?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "नावं सांगायची नाहीत असं ठरलंय."

"ऐकलंस का चेट? नावं सांगायची नाहीत म्हणे!"

"सोडू नकोस लेन!" चेट ओरडला. "आज खुर्ची नेली, उद्या टेबल नेतील!"

"बरं, ही जागा कुणासाठी ठेवली आहे?" त्या माणसाने शांतपणे विचारलं.

"एका फार मोठ्या माणसासाठी."

"कोण?"

"ते मला सांगितलेलं नाही."

"मग तो मी नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न योग्य होता. पाणीपट्टी कार्यालयात असे प्रश्न आले की मी लोकांना दुसऱ्या खिडकीवर पाठवतो. इथे दुसरी खिडकी नव्हती.

"मोठी माणसं स्वतः खुर्च्या उचलत नाहीत," मी म्हणालो.

तेवढ्यात चेटने गाडीची नंबरप्लेट वाचली. "लेन, अरे हा तर तुझ्या ओस्टरमनच्या राज्यातला!"

मी एकदम विरघळलो. "तुम्ही तिकडचे? मग खरं सांगा, येणार का तो आमच्याकडे?"

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"येणार! गुडघा गेलाय त्याचा, कबूल. गेल्या हंगामात पळायचा तेव्हा कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं." त्या माणसाला ठसका लागला. "पण पडला की उठतो हो. प्रत्येक वेळी उठतो. चाळिशीच्या माणसाला पुन्हा कुणीतरी बोलवावं आणि त्याने यावं, हे मला बघायचंय. आमच्या घरातही एक बाई या वयात नव्याने सुरुवात करतेय. तिचंही जमलेलं मला बघायचंय."

त्याने फुटपाथवरच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चांगलं बोललात."

"बोललो ना? आता गाडी काढा."

त्याने खरंच गाडी काढली. जाण्याआधी खुर्ची होती तिथे, अगदी मधोमध ठेवली. गाडी उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा चेटने टाळ्या वाजवल्या. मीही त्याला थोडा वाकून प्रतिसाद दिला.

पाचएक मिनिटांनी डोरीन बाहेर आली. हातात गरम रोल होता. "आला का रे तो?"

"नाही अजून. पण जागा शाबूत आहे. एक आगाऊ माणूस घुसत होता, हाकलला त्याला."

"कसा होता?"

"उंच. लंगडत होता. म्हणे कुठल्याशा बाईने खुर्ची हलवायला..." इथे माझा आवाज आपोआप बारीक झाला.

डोरीन मिसेस पाव्हलिकच्या पायरीवर बसली. बर्फावरच बसली. "लेन, तो ग्रेडी ओस्टरमन होता."

मी हसलो. "काहीतरीच! ओस्टरमनला छातीपर्यंत दाढी आहे."

"काल काढली. कुणी ओळखू नये म्हणून."

चेट घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

मग डोरीनने सगळं सांगितलं. ओस्टरमनची आई याच टेकडीवर जन्मली होती. तिला म्हातारपणी इथेच, टेकडीखालच्या चर्चजवळ घर हवं होतं. घर मिळालं तर आई येणार, आई आली तर तो आमच्या संघाकडून खेळणार, नाहीतर समुद्रकाठच्या संघाशी करार. आजच निर्णय करायचा होता आणि दुपारी तो परत निघणार होता. "मला डाव परत घ्यायला काही वाटणार नाही रे," ती म्हणाली, "पण एकदा तरी जमायला हवं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला हंगामाचं काही वाटलं नाही. (थोडं वाटलं. पण डोरीनचं जास्त वाटलं, हे शपथेवर सांगतो.)

तिने त्याला फोन लावला. पलीकडून भांड्यांचा खडखडाट ऐकू येत होता. तो चर्चच्या तळघरात रांगेत उभा होता. तिथले मासे खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही, अशी आईची ताकीद होती. पुढचं काही ऐकू आलं नाही, फोन कट झाला.

मी तसाच सुटलो. कोट नाही, पायांत सपाता. आमच्या टेकडीवरून चर्चकडे सरकारी पायऱ्या जातात. त्यातल्या अर्ध्या मी पायांनी उतरलो.

ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या तळघरात अख्खी टेकडी मासे खायला लोटते. रांग दारापर्यंत आली होती. पार पुढे ती लोकरीची टोपी दिसत होती. मी घुसलो.

"रांगेत या!" झारा घेऊन उभी असलेली एक बाई गरजली.

"मला जेवायचं नाहीये हो. मला माफी मागायचीय!"

"माफी उद्या चार वाजता, वर, फादरकडे. इथे फक्त मासे."

लोकांनी मला दंडाला धरून रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. तिथून मी ओरडलो, "साहेब! ती जागा तुमचीच होती! मी मूर्ख आहे!" सगळं तळघर माझ्याकडे वळलं. निम्मे लोक पाणीपट्टी भरणारे होते, त्यांनी माना डोलावल्या.

ओस्टरमन हातात ताट आणि कानाला फोन लावून माझ्याकडे आला. "आईला आताच सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तिला तुमच्याशी बोलायचंय."

मी फोन घेतला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "खुर्ची कसली होती?"

"स्वयंपाकघरातली, बाई. पिवळी."

"आणि माझ्या मुलाला गाडी काढायला लावलीस?"

"हो, बाई. चुकलो."

"अरे, इकडे त्याला इतकी वर्षं कुणी 'सरक' म्हणालं नाही. लोक दारात येऊन रडतात, मुलांच्या पाठीवर सह्या मागतात. मला वाटलं होतं टेकडीही आता तशीच झाली असेल. पाव्हलिकच्या घरात कोबीचा वास आहे का अजून?"

मी डोळे मिटले आणि खरं सांगितलं. "आहे, बाई. आज वरून दालचिनीचा आहे."

"दालचिनी उडून जाईल. घर घेतलं, सांग त्या डोरीनला. आणि माझ्या मुलाला सांग, माशांबरोबर बटाटा भरलेल्या पिएरोगी पण घे."

डोरीन धापा टाकत आली तेव्हा मला बोलताच येईना. मी नुसती मान हलवत राहिलो. तिला ते नकारार्थी वाटलं आणि ती रडायला लागली. शेवटी ओस्टरमननेच सांगितलं, "बाई, आईने घर घेतलं. सोमवारी मी इथल्या संघाशी करार करतो." मग ती आणखी रडली, पण वेगळी. तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि कानात म्हणाली, "घरी चल, मग बघते तुझ्याकडे." मला इतकं बरं गेल्या कित्येक हंगामांत वाटलं नव्हतं.

आतापर्यंत तळघराला कळलं होतं. ओस्टरमनने टोपी काढली आणि मग जो आवाज झाला, त्याने वरच्या मजल्यावर फादर जागे झाले. झारावाल्या बाईने ओस्टरमनच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. चेटही तोवर येऊन पोचला होता आणि पहिल्यापासून आपण हेच म्हणत होतो, असं सांगत फिरत होता.

त्या दिवसाचा मोठा फोटो आता चर्चच्या तळघरात लावला आहे. मधे ओस्टरमन, त्याच्या एका बाजूला डोरीन, डोळे लाल आणि चेहरा उजळलेला. दुसऱ्या बाजूला त्याच्या खांद्यावर हात टाकलेला चेट. पुढे झारा घेतलेली बाई, मागे सगळी टेकडी. "या सगळ्या प्रकरणात तुम्ही कुठे होतात हो?" असं नवीन लोक मला विचारतात. मी फोटोतच आहे. कॅमेरा माझ्या हातात दिला होता. वरच्या कोपऱ्यात फादरच्या डोक्यावर जो गुलाबी ढग आलाय, तो माझा अंगठा.