फाटकातली कारागीर

पावसाळा सरता सरता मास्तरांनी पुढच्या फाटकातून येण्याजाण्यावर बंदी घातली. फाटक चांगलं धडधाकट होतं. पण फाटकाचा खांब आणि आतलं लिंबाचं झाड यांच्यामध्ये, बरोबर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एका कोळिणीनं जाळं विणलं होतं.

"मग भाजी कुठून आणू? छपरावरून?" बायकोनं विचारलं.

"मागच्या दारानं आण. नाहीतर वाकून ये."

चाळीस वर्षं शिवणकाम करून मास्तर नुकतेच घरी बसले होते. पहिले दोन महिने ते नुसते भिंतीकडे बघत. बायकोनं त्याची धास्तीच घेतली होती, म्हणून हे नवं वेड तिनं हसून चालवून घेतलं.

रोज सकाळी मास्तर स्टूल टाकून जाळ्यासमोर बसत. कोळीण जुनं जाळं खाऊन टाकते आणि पहाटे नवं विणते, हे कळलं त्या दिवशी त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, चिंधीसुद्धा वाया जात नाही! मी आयुष्यभर पोत्यानं चिंध्या टाकल्या." कौतुकाच्या भरात ते टेप घेऊन जाळं मोजायला गेले. टेप चिकटली आणि निम्मं जाळं टेपेबरोबर हातात आलं. दिवसभर मास्तर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघतात तर जाळं होतं तसं, एक टाका इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी सरळ हात जोडले. उभ्या आयुष्यात एवढं मोठं काही आपण पाहिलेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्याच दिवशी त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'वाकून या'. दूधवाला वाकला, पोस्टमन वाकला, मीटर बघणारा तर येताना वाकला आणि जातानाही. वाकायला तयार नव्हता असा माणूस जगात एकच होता, आणि तो बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मेव्हणा शाळेत कवायत शिकवायचा. झोपतानाही तो सावधान असतो, असं लोक म्हणत. तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याला कोट शिवून दिला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, डावी बाही आखूड आहे." मास्तर म्हणाले, "बाही बरोबर आहे. हात लांब आहे." झालं! माफी मागितल्याशिवाय या घराची पायरी चढणार नाही, असं सांगून तो गेला तो गेलाच. बायकोला भाऊ एकच. ती तीन वर्षं आतल्या आत कुढत होती.

थंडी पडली तशी कोळीण बोराएवढी झाली आणि मास्तरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जाळं वर आखूड आणि खाली लांब होतं. "चुकली की काय बाई?" त्यांनी आठवडाभर पाळत ठेवली. कोळीण मध्यभागी बसायची ती डोकं खाली करून. खालच्या बाजूला तिला झटकन धावता येई, म्हणून खाली जाळं जास्त.

"अंग जसं, तसं माप!" मास्तर पुटपुटले. मग कोळिणीला हळूच म्हणाले, "मेव्हण्याची बाही आखूडच होती गं."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बायकोनं लगोलग भावाला फोन केला. "ये रे बाबा. ते चूक कबूल करताहेत."

रविवारी मेव्हणा छाती काढून आला. त्यानं पाटी वाचली. तेवढ्यात आतून मास्तर जीव खाऊन ओरडले, "वाका! आधी वाका!"

"मी? मी वाकू?"

"पार खाली! डोकं खाली!"

मेव्हण्यानं टाचेवर गिरकी घेतली आणि आल्या पावली परत गेला.

"तुम्हाला कोळीण हवी की माझं माहेर?" बायकोनं विचारलं. मास्तरांनी उत्तराआधी क्षणभर विचार केला, आणि तिथेच त्यांचं चुकलं. महिनाभर घरात भांडीच काय ती बोलत होती.

पुढे कोळिणीनं फाटकाच्या खालच्या दांडीला रेशमी पुरचुंडी बांधली, त्यात अंडी ठेवली, आणि चार दिवसांनी जाळं दिसलं नाही. ती लिंबाखाली पाय आखडून पडली होती. मास्तर तिथेच बसून राहिले. बायकोनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलाव त्याला," मास्तर म्हणाले. "मी माफी मागतो. शब्द देतो."

"तुमचा शब्द गावाला माहीत आहे. 'उद्या नक्की देतो', हाच ना?"

ऊन तापायला लागलं तेव्हा कुठे मेव्हणा यायला तयार झाला. फाटकाबाहेर उभं राहून म्हणाला, "इथेच बोला."

मास्तरांनी चार वाक्यं पाठ केली होती. "ती बाही..." त्यांनी सुरुवात केली. मग मेव्हण्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "बाही आखूड होती, म्हणजे, तसा तुमचा हात..."

बायकोनं डोळे मिटून घेतले. मेव्हण्यानं संतापून फाटक ढकललं. दांडीवरची पुरचुंडी फाटली आणि मोहरीएवढी शेकडो पिल्लं धाग्यांना लोंबकळत वाटेवर उतरली. मेव्हण्याचं पाऊल वर उचललेलं होतं.

मास्तरांनी जमिनीवर अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याचा बूट धरला. "नको! माझी चूक झाली! आधीच सांगायला हवं होतं! पदरात घ्या!"

मेव्हण्याचे डोळे भरून आले. "अहो भाऊजी, उठा. एवढं कशाला? मोठे आहात तुम्ही." आणि त्यांना उठवायला तो वाकला.

वाकला आणि तसाच थांबला. पिल्लं फाटकाच्या दांडीवर चढत होती. एकेक पिल्लू अंगाचं मागचं टोक वर करी, वाऱ्यावर धागा सोडी आणि त्या धाग्याबरोबर उचललं जाई. बघता बघता दहा गेली, वीस गेली.

"उडताहेत," मेव्हणा कुजबुजला. "कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. आई थंडीतच गेली."

मग मेव्हण्यानं अधांतरी धरलेल्या आपल्या बुटाकडे पाहिलं, बुटाखालच्या पिल्लांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतं."

"माफी मागणारच होतो," मास्तर जमिनीवरून म्हणाले. "उभ्यानं जमत नव्हती."

मेव्हणा बराच वेळ एका पायावर विचार करत राहिला.

"पाय सोडू नका, भाऊजी," अखेर तो म्हणाला. "तोल जाईल. अजून बरीच उडायची आहेत."

बायको डोळे पुसत आत गेली आणि भावाला टेकायला म्हणून स्टूल घेऊन आली.