बागूल बाईंच्या दोन बॅटऱ्या

धुळ्याच्या आमच्या शाळेचं वेळापत्रक बागूल बाई करायच्या आणि नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात नववी 'ब'चा शेवटचा तास द्यायचा, हा त्यांचा नेम होता. पत्र्याखालचा वर्ग, साठ-पासष्ट भुकेली मुलं आणि दाराबाहेर कुल्फीवाल्याची घंटा. मी चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मलाही तो तास मिळाला. खडूने माखून बाहेर आलो, तर बाई व्हरांड्यात घड्याळ घेऊन बसलेल्या.

"पस्तीस मिनिटं टिकलात," त्या म्हणाल्या. "मुलाखतीत सगळेच चांगले बोलतात. भार टाकल्याशिवाय माणूस कळत नाही."

बाई विज्ञान शिकवायच्या आणि 'भार टाकून बघा' हे त्यांचं कशावरही उत्तर असायचं. नवी पिशवी घेतली की तिच्यात प्रयोगशाळेतली पाच किलोची वजनं घालून ती दिवसभर खुंटीला टांगायच्या. शिवणाच्या बाईंच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा दिसायला चांगला, नोकरी चांगली. बागूल बाई म्हणाल्या, "त्याला उन्हातून दळण आणायला पाठवा. आल्यावर काय बोलतो ते ऐका. भार टाकून बघा."

लहानपणी पोलिओने बाईंचे दोन्ही पाय गेले होते. मी शाळेत आलो त्याच्या थोडं आधी भाच्याने परदेशातून त्यांना बॅटरीवर चालणारी खुर्ची पाठवली होती. हाताशी एक छोटी दांडी. ती पुढे केली की खुर्ची घूं करत निघायची. बाई तिच्यातून एकट्या शाळेत यायच्या, एकट्या परत जायच्या.

तिसऱ्या वर्षी ती खुर्ची दमायला लागली. आधी फाटकाच्या चढावर अडली आणि मग एक दिवस भर आग्रा रोडवर मधोमध थांबली. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत उभे. मी आणि एका रसवंतीवाल्याने गियरची कळ सोडून चाकं मोकळी केली आणि खुर्ची कडेला लोटली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, तीन वर्षं राहिलीत. ऐच्छिक निवृत्तीचा विचार करून बघा," ते म्हणाले.

"सर, संपली आहे ती बॅटरी," बाई म्हणाल्या. "मला दोन महिने द्या."

आता बॅटरी बदलायची म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटत होतं. गल्लीतल्या मेकॅनिकलाही तसंच वाटलं. तो मोटारीच्या दोन बॅटऱ्या घेऊन आला. बाईंनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि धडा घेतला. "मोटारीची बॅटरी एक जोराचा झटका देते, इंजिन सुरू करते, की तिचं काम झालं. मला दोन-दोन तास सावकाश देत राहणारी पाहिजे. आणि खुर्ची कलली की हिच्यातलं ॲसिड माझ्या पातळावर सांडेल. मला बंद डब्याची, पाणी न घालायची पाहिजे." मेकॅनिक चहा संपवून बॅटऱ्या परत घेऊन गेला.

मग त्यांनी मला कामाला लावलं. सीटखालच्या कप्प्याचं खऱ्या मापाचं चित्र काढायचं: लांबी, रुंदी, उंची आणि वायर जोडायची टोकं कुठल्या बाजूला. मी दोनदा मोजून काढलं. माझ्या सगळ्या चित्रांत बाईंना आवडलेलं हे एकच.

तसल्या बॅटऱ्या जळगावला एका दुकानात मिळतात, असं कळलं. एका रविवारी जीप ठरवून आम्ही निघालो. पारोळ्याला चहा घेतला तेव्हा मी बाईंच्या पिशवीत डोकावलो. आत प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर, ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब, वायरचं भेंडोळं आणि वही.

दुकानाला पाच उंच पायऱ्या होत्या. त्यामुळे बाई जीपमध्येच बसल्या आणि दुकान खाली आलं. शेठने दोन बॅटऱ्या आणून सीटवर ठेवल्या. चित्रावर ठेवून पाहिल्या, माप जुळलं. मीटर लावला, दोन्हींनी साडेबारा व्होल्ट दाखवले.

"बघा, पक्क्या आहेत," शेठ म्हणाला.

"बिनभाराचे साडेबारा कुणीही दाखवतं," असं म्हणून बाईंनी बल्ब जोडला आणि घड्याळ मांडीवर ठेवलं.

भर दुपारी जळगावच्या रस्त्यावर, जीपमध्ये हेडलाइटचा बल्ब पेटवून आम्ही बसलो होतो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. पहिली बॅटरी वीस मिनिटं बारा व्होल्टवर टिकली. दुसरी दहाव्या मिनिटाला साडेदहावर आली. बाईंनी तिच्या बुडाशी छापलेली तारीख शोधून काढली.

"शेठ, ही दोन वर्षं तुमच्या फळीवर बसून होती. या चालून मरत नाहीत तितक्या बसून मरतात."

"मग ती चांगली घ्या आणि हिच्याऐवजी दुसरी देतो."

"जोडी एका वयाची पाहिजे. नाहीतर थकलेली दुसरीलाही लवकर थकवते."

शेठने त्याहून लहान, ताज्या दोन काढल्या. "घर ते शाळा एवढंच ना? या पुरतील."

"नऊ किलोमीटर पाहिजेत," बाई म्हणाल्या. "चढ धरून."

मी त्यांच्याकडे बघितलं. घरापासून शाळा एक किलोमीटरही नव्हती. पण त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

शेठ वैतागला. "बाई, तुम्हाला माल घ्यायचाय की परीक्षा घ्यायचीय?"

"परीक्षा घेऊन माल घ्यायचाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

शेवटी त्याने मुंबईहून जोडी मागवायचं कबूल केलं. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. एकाच महिन्याच्या, एकाच खोक्यातल्या दोन बॅटऱ्या होत्या. या वेळी मीटर शेठच्या हातात होता आणि आकडे तोच ओरडून सांगत होता. अर्ध्या तासाने बाईंनी वही मिटली. शेठने आम्हाला उसाचा रस पाजला आणि तो बल्ब कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

सोमवारी बाई शाळेत आल्या, फाटकाचा चढ न थांबता चढल्या. मुख्याध्यापकांनी निवृत्तीचा विषय पुन्हा काढला नाही.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी चित्रं काढायला पांझरा नदी ओलांडून देवपूरच्या पार टोकाला गेलो होतो. एका वस्तीच्या गल्लीत वळलो आणि थबकलो. पत्र्याच्या घरासमोर बाईंची खुर्ची उभी होती. त्यांच्या घरापासून इथवर जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. खाटेवर एक म्हातारी बसली होती आणि बाई तिला सुरतेहून आलेलं मुलाचं पत्र वाचून दाखवत होत्या.

ती सखूबाई असणार, हे मला ओळखता आलं. मी येण्याआधी निवृत्त झालेली शाळेची शिपाई. जुने शिक्षक तिच्याबद्दल सांगायचे. विजेची खुर्ची येण्याआधी बाईंकडे साधी चाकाची खुर्ची होती आणि ती एकोणीस वर्षं, उन्हापावसात, घरापासून वर्गापर्यंत सखूबाईने ढकलली होती. आता तिचे गुडघे गेले होते. घराबाहेर पडणं बंद झालं होतं.

बाईंनी पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. सखूबाई खाटेचा आधार घेत उठली, खुर्चीच्या मागे आली आणि तिने दोन्ही मुठी धरल्या.

"बाई, मोटर बंद करा," ती म्हणाली. "जरासं मी लोटस."

बाईंनी किल्ली फिरवली. वाकून गियरची कळ सोडली. शाळेत त्या कधी शुद्ध मराठीखेरीज बोलल्या नाहीत. आता अहिराणीत म्हणाल्या, "गुडघं दुखनं तर सांगजो."

गल्लीच्या टोकाला लिंबाचं झाड होतं, तिकडे दोघी निघाल्या. चार पावलं झाली की सखूबाई मुठींवर रेलून उभी राहायची, दम घ्यायची. बाई मागे वळून बघत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसून होत्या.

"माले काही घाई नही शे," त्या म्हणायच्या. आणि सखूबाई आणखी चार पावलं टाकायची.