आत्याबाईंचा घोट

नीट वाचून, घड्याळ लावून केली की जगातली कुठलीही गोष्ट बिघडत नाही, असं सूनबाईचं ठाम मत होतं. सात महिन्यांच्या ठकीच्या शिंकासुद्धा ती वेळेसकट लिहून ठेवायची! मग तीन प्रकारचे चहा म्हणजे काय मोठंसं? हिरव्याला पाणी उकळतं नको, ऐंशी अंशांचं. पांढऱ्याला किंचित जास्त गरम आणि वेळ दुप्पट. काळ्याला मात्र खळाखळा उकळतं. झालं!

एवढा थाट कशाला? तर सोमवारपासून सूनबाईची नोकरी पुन्हा सुरू होणार होती, आणि ठकीला सांभाळायला नवऱ्याची आत्या राहणार होती. म्हणजे, घर पसंत पडलं तर! परतीचं तिकीट पर्समध्ये तयारच होतं.

"आत्याला चहातलं कळतं हं," एवढंच नवरा म्हणाला होता.

ऐंशी अंश मोजायला घरात थर्मामीटर एकच, ठकीच्या आंघोळीचं पिवळं बदक. सूनबाईने ते गरम पाण्यात सोडलं. आकडा पन्नासपर्यंत धावला आणि बदकाने मान टाकली! तिने उरलेले तीस अंश देवाच्या भरवशावर सोडले.

बाहेर बसलेल्या आत्याबाईंनी हिरव्याचा पहिला घोट घेतला. सुर्रर्रर्र! कोरडा नळ हवा ओढतो तसा आवाज! डोळे मिटले, गाल फुगले... आणि पचकन सगळा चहा शेजारी ठेवलेल्या ठकीच्या रिकाम्या टबात!

सूनबाई फडकं घेऊन टब पुसायला वाकली. ठकी मात्र खिदळली.

"रबर," आत्याबाई म्हणाल्या.

"अं?"

"पाण्यात रबराचं काहीतरी पडलंय. बेडूक... नाही, बदकच असेल."

सूनबाई ठकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात धावली. पांढरा चहा आणला. सुर्रर्र! पचक!

"पाणी दोनदा उकळलंय."

खरंच उकळलं होतं! काळा आणला. सुर्रर्र! पचक!

"मध्ये ठकी रडली वाटतं? पानं दीड मिनिट जास्त राहिलीत."

ही जीभ होती की दुर्बीण? सूनबाईने मनोमन हात जोडले, आणि आत जाऊन नवऱ्यासमोर रडायचीच बाकी राहिली.

"गेली माझी नोकरी! तीन कप केले, तिन्ही थुंकले!"

"थुंकणारच! तीस वर्षं कंपनीत चहा चाखायचं काम केलंय तिने. रोज दोनशे कप. गिळत बसली असती तर?"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की! चहातलं कळतं म्हणून."

एवढ्यात आत्याबाईच पदर खोचून ओट्यापाशी आल्या. "बदक काढ आधी, आणि ताजं पाणी उकळ. आता हे उकळलेलं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. पुन्हा ओतायचं. मघाशी वाफ सरळ वर पळत होती, आता रेंगाळतेय बघ. हिरव्याला एवढंच."

हातभर उंचीवरून धार पडत होती. एक थेंब बाहेर जाईल तर शपथ! दोन मिनिटांनी कपातून कोवळ्या गवताचा वास आला. सूनबाईने एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. इतके दिवस आपण पानं उकडत होतो तर!

आत्याबाईंनी मात्र खिडकीतला सूनबाईचा सकाळचा विसरलेला कप उचलला, साय बाजूला सारली आणि घटाघटा संपवला.

"अहो, तो गारढोण आहे!"

"भयंकर आहे! पण चांगला चहा मी जन्मभर थुंकलेय गं. प्यायला मिळाला तो असाच, पोरं सांभाळता सांभाळता गार झालेला."

आणि त्यांनी पर्समधलं तिकीट काढून खुशाल ओल्या कपाखाली सारलं.

सोमवारी सूनबाई इस्त्रीच्या कपड्यांत ठकीला गाजर भरवायला बसली. ठकीने चमचाभर घेतलं. सुर्रर्र! डोळे मिटले, गाल फुगले... आणि पचक! थेट आईच्या अंगावर!

"काय घोट आहे पोरीचा!" आत्याबाई धन्य झाल्या. "सूनबाई, खरं सांग, गाजर कधीचं आहे?"

गाजर कालचं होतं.