प्रभावतीकाकूंनी बाहेर ठेवलेली पिशवी

पाहुणा जेवून गाढ झोपला होता आणि प्रभावतीकाकू कपडे वाळत घालायची काठी घेऊन दिवाणासमोर उभ्या होत्या. दिवाणावर पाहुण्याचा बॅगपाइप पडला होता. निळ्या मखमलीची फुगीर पिशवी आणि तिच्यातून निघालेल्या पाच काळ्या नळ्या.

काकूंच्या जैन घरात चामडं येत नसे. लग्न झाल्यापासूनचा तो नियम होता. यजमान तात्यासोंचा पट्टा कापडी, पाकीट रेक्झिनचं आणि जावयाचे बूट पायरीखाली. आणि सकाळीच तात्यासोंनी मोठ्या कौतुकाने लोककला समितीचं माहितीपत्रक वाचून दाखवलं होतं, की या वाद्याची पिशवी मेंढीच्या कातड्याची असते.

तात्यासो त्या समितीचे उपाध्यक्ष. कोल्हापुरात यंदा वर्षभर लोककलांचा सोहळा चालला होता. एका महिन्यात हलगी, एका महिन्यात सोंगी भजन, मग धनगरी ढोल, मर्दानी खेळ. तिकडे स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावरही असंच वर्ष साजरं होत होतं. त्यांची जुनी गेलिक भाषा बोलणारी माणसं कमी होत चाललेली, म्हणून ती भाषा, तिची गाणी, तिची वाद्यं पुन्हा पोराबाळांच्या तोंडी आणि हाती द्यायची, असा त्यांचा बेत. दोन्हीकडची पत्रापत्री झाली, आपले दोन हलगीवाले तिकडे गाजवून आले आणि आता तिकडचा बॅगपाइपवाला कॅलम इकडे आला होता. त्याला हॉटेलात उतरवणं तात्यासोंना कोल्हापूरला कमीपणा आणणारं वाटलं. घरात पाऊल टाकण्याआधी त्याने दारात उभं राहून एक तुकडा वाजवला, तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली आणि तासाभरात गल्लीने त्याचा कल्लाप्पा करून टाकला.

पाहुण्याला काही बोलणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. नियम मोडणं तर त्याहून नव्हतं. त्यांनी अंगणात स्वच्छ सतरंजी अंथरली, काठीने अलगद उचलून वाद्य तिच्यावर नेऊन ठेवलं आणि मान राखावा म्हणून वर पांढरी चादर घातली. मग हात धुऊन जप करायला बसल्या.

चार वाजता शेजारच्या चन्नाप्पांची म्हैस रोजच्या वाटेने गोठ्याकडे निघाली. पांढरी चादर तिने पूर्वी तिथे पाहिली नव्हती. तिने एक पाय ठेवून पाहिला. पिशवीत उरलेली हवा नळ्यांतून बाहेर पडली आणि चादरीखालून असा काही हुंकार आला, की म्हैस आधी दचकली, मग चिडली आणि तिने ते सगळं प्रकरण शिंगावर घेतलं.

चन्नाप्पांनी ते सोडवून आणलं तेव्हा मखमलीसकट पिशवीला वीतभर चीर गेली होती. नळ्या तेवढ्या शाबूत होत्या. "काकू, माझी म्हैस गरीब हाय वो," ते कानकोंडे होऊन म्हणाले. "त्यानंच आधी आवाज केला."

कार्यक्रम सात वाजता होता. तात्यासोंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर मिरवलेल्या कोल्हापूरच्या पाहुणचाराचं आता काय होणार, हे त्यांना सांगायला नको होतं. चामड्याचं काम म्हणजे चप्पल करणारा सयाजी, एवढं त्यांना सुचलं. त्यांनी स्कूटर काढली. पण मागे बसून वाद्य धरायचं कोणी? चन्नाप्पा म्हशीला आवरत होते. सून आदितीला पाहुण्यापाशी थांबायला हवं होतं.

काकूंनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या, "तर ओझंही माझंच." आणि चादरीत गुंडाळलेलं वाद्य मांडीवर घेऊन मागे बसल्या.

सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईने वाकून पाहिलं. "नातू काय वं, काकू?"

"पावण्याचं हाय," तात्यासो म्हणाले आणि सिग्नल सुटला तरी ती बाई वळून वळून पाहत राहिली.

सयाजीने मखमल उसवली, आतली पिशवी चिमटीत धरली, वास घेतला आणि काकूंकडे पाहिलं. "काकू, ह्यात कातडं कुठलं? रेनकोटासारखं कापड हाय हे. आता समदी असलंच वापरत असतील."

काकू जवळच्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे घरात चाललं असतं?"

"देव्हाऱ्यात ठेवलं असतं तरी चाललं असतं."

तात्यासोंनी माहितीपत्रकाची घडी हळूच खिशात आणखी खाली ढकलली.

पण चीर तशीच होती. या कापडाला सुई मारली की भोकं पडणार आणि हवा जाणार. चिकटवलं तर दाबल्यावर सुटणार, असं सयाजीचं म्हणणं. त्याच मापाची नवी पिशवी तो दीड तासात करून देऊ शकत होता, मऊ कमावलेल्या मेंढीच्या कातड्याची. एवढं बोलून तो थांबला. काकूंच्या घरचं माणूस आजवर त्याच्या दुकानाची पायरी का चढलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तात्यासो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांनी पत्नीकडे पाहण्याचं धाडस केलं नाही.

काकूंनी चिरेवरून एकदा बोट फिरवलं. मग हळू आवाजात विचारलं, "तिकडच्यापेक्षा चांगली होईल?"

सयाजीला ते लागलं. "आमच्या आज्यानं केलेलं पायताण अजून एक गिऱ्हाईक घालतंय, काकू."

"मग करा. आणि अशी करा, की तिकडे गेल्यावर लोकांनी विचारलं पाहिजे, कुणी केली म्हणून."

सयाजी आणि त्याची बायको कामाला बसली. तेवढ्यात आदितीचा फोन आला. पाहुणा उठला होता आणि दिवाणाखाली वाकून शोधत होता. वाद्य पूजेला नेलंय म्हणून सांग, असं तात्यासो दबक्या आवाजात सांगू लागले. काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला. "खोटं सांगू नकोस गं. त्याला घेऊन नाट्यगृहात ये. काय ते मी सांगते."

सगळं आटोपेपर्यंत सूर्य मावळला. म्हणजे व्रताप्रमाणे काकूंना आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा नव्हतं.

रंगमंचामागे त्यांनी कॅलमसमोर हात जोडले आणि काठीपासून म्हशीपर्यंत सगळं सांगितलं. आदितीने एकही गोष्ट न वगळता त्याचं इंग्रजी केलं. कॅलमने नवी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग तो हसू लागला आणि बराच वेळ बोलत राहिला.

"तो म्हणतोय," आदिती सांगू लागली, "त्याची आजी फक्त गेलिक बोलायची आणि रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी वाद्य घरात ठेवू द्यायची नाही. शनिवारीच ते कोंबड्यांच्या खुराड्यात जायचं. एकदा कोंबडी त्यावर अंडी उबवायला बसली, तर तीन आठवडे वाद्य बंद. त्यापुढे म्हैस बरी, म्हणतोय."

"आहेत का त्या?" काकूंनी विचारलं.

"नाहीत."

"बाई नियमाच्या पक्क्या," काकू म्हणाल्या आणि त्यांना पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. तिसऱ्या रांगेत जैन महिला मंडळ बसलं होतं आणि मधोमध आक्का. ऐंशीच्या पुढच्या. मंडळातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्यासमोर व्रतं घेतलेली, काकूंनीही. काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. सयाजीची पिशवी फुगली आणि असा भरदार सूर निघाला, की मागच्या दारातले चहावालेसुद्धा थांबले. हलगीवाल्यांना राहवेना. ते न बोलावता मंचावर चढले आणि हलगी कडाडली. त्या बेटावरची चाल आणि आमची हलगी अशी जुळली, जणू दोन्ही एकाच जत्रेतली. इतकं आपलं काही असतं आणि आपण ते रोज नुसतं ऐकून सोडून देतो, असं काकूंना वाटलं.

मग कॅलम माइकपाशी आला. आदितीला भाषांतरासाठी बोलावलं. आज सकाळपर्यंत आपण प्लॅस्टिक वाजवत होतो, तो म्हणाला. आजोबांच्या वाद्याला असायची तशी खरी कातडी पिशवी आपल्या वाद्याला आज प्रथमच मिळाली, ती कोल्हापुरात. करणारे सयाजी. आणि स्वतः दुकानात बसून ती करवून घेणाऱ्या प्रभावतीकाकू, त्यांनी कृपया उभं राहावं.

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. तात्यासो सगळ्यांत जोरात वाजवत होते. काकू उभ्या राहिल्या, पदर तोंडावर घेतला आणि बसल्या. अख्ख्या महिला मंडळाच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. आक्कांची सर्वांत शेवटी वळली.

"आक्का," काकू कशाबशा म्हणाल्या, "प्रायश्चित्त सांगा. जे सांगाल ते घेते."

आक्कांचा पाय अजून हलगीच्या ठेक्यावर हलत होता.

"त्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आधी त्या कल्लाप्पाला आणि एकदा वाजवाय सांग की."