कोंडाबाईच्या पोरी

कोंडाबाईचं तिच्या जावेशी रोज भांडण व्हायचं, आणि ती जाऊ म्हणजे टिटवी होती. टिटवी ओरडली की कोंडाबाई शेळ्या सोडून कमरेवर हात ठेवायची. "लागलीस का बोंबलायला? तुझ्या घरात पाय तरी ठेवलाय का मी?" टिटवी आणखी ओरडायची. माघार दोघींपैकी एकही घेत नसे.

आम्ही तेव्हा पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. निजाम जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मागच्या माळावर ही धनगराची कोंडाबाई शेळ्या चारायची. तिच्या नात्यातून एकही पाखरू सुटलेलं नव्हतं बघा. सातभाई तिच्या सासरचे. "दिवसभर कचाकचा भांडतेत, अन् जेवायला एका पंगतीत!" तारेवरचा काळा कोतवाल हा दीर. आणि डबक्यात तासन्‌तास उभा असलेला ढोक? "आमचे मालक. काम न्हाई, धंदा न्हाई, नुस्तं ध्यान." खरे मालक शेजारीच बिडी ओढत हे ऐकत असायचे.

एकदा हिवाळ्यात म्हणाली, "चला, गंगेवर माझ्या पोरी दावते." गंगा म्हणजे आमची गोदावरी. मी लगेच तयार! शेजारच्या गोदूताई, तिकीटबाबूंची बायको, नाक मुरडून म्हणाल्या, "पाखरं बघायला एवढी तंगडतोड? आमच्या पडवीत चिमण्या काय कमी आहेत?" पण भाकरी आधी त्यांनीच बांधली.

कोंडाबाईचे कायदे कडक. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं आमच्या हातांना चिंध्या गुंडाळल्या. गोदूताईंच्या लाल लुगड्यावर स्वतःची घोंगडी टाकली.

"अगं बाई, मला शेळीचा वास यायला लागला!"

"झाक झालं. पाखरं बुजायची न्हाईत."

वर ताकीद, की कुणी बोलायचं न्हाई. आणि नदी येईपर्यंत एकटी तीच बोलत होती.

वाळवंटाच्या कडेला बाभळीआड बसलो. ऊन डोक्यावर आलं. समोर नुसती वाळू.

"काय कोंडाबाई, पोरी रुसल्या वाटतं?" गोदूताईंनी टोचलंच.

"दिवाळी झाली की येतेत. यंदा लय उशीर केला." तिनं कपाळावर हात धरून पुन्हा आभाळ पाहिलं. पुढ्यातली भाकरी तशीच होती. मग हळूच म्हणाली, "माझी सुंदरा बी अशीच यायची होती, पयल्या बाळंतपणाला. निजाम गेला, त्या गडबडीचं साल. वाटा बंद. आणायला कुनी जाऊ शकलं न्हाई. सासरीच गेली, लेकरासकट."

गोदूताईंनी घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

तेवढ्यात लांबून कुर्र, कुर्र असा आवाज! आधी आभाळात एक काळी रेघ, मग दुसरी, मग अख्खं आभाळच रेघांनी भरलं. करकोचे! शेकड्यांनी! गिरक्या घेत, लांब पाय सोडून वाळूवर उतरायला लागले. राखी अंग, काळा गळा, कानांमागं पांढरे तुरे. काय सांगू तुम्हांला, माझ्या अंगावर काटा आला. गोदूताई तर "आल्या! आल्या गं बाई!" करत उभ्याच राहिल्या. घोंगडी एकीकडे, चिंध्या एकीकडे!

"खाली बसा वो, बुजतील!" कोंडाबाईनं त्यांना पदर धरून ओढलं. मग भाकरीचा तुकडा मोडला. लांबून आलेली लेक दारात उभी राहिली की ओवाळतात ना, तसा तिनं त्या अख्ख्या थव्यावरून ओवाळला, आणि पाठीमागं लांब फेकून दिला.

गोदूताईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कोंडाबाई, यातली सुंदरा कुठली हो?"

कोंडाबाईनं डोळे पुसले. नजर मात्र वाळूवरून हलवली नाही.

"वळखू आली असती तर समद्यांवरून कशाला ओवाळला असता, बाई?"