अजून जाड हाय

"नवरदेव तिकडं, अन् हे बाबा फरशी कावून चाटायलेत?"

गेवराईच्या मंगल कार्यालयात माझ्यामागून कुणीतरी विचारलं. चाटत नव्हते. आमचे शेजारी बापूकाका, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बोटाला थुंकी लावून फरशीचा पिवळा चुनखडक ओला करत होते आणि भिंगातून त्यात दगड होऊन बसलेले बारीक शंख बघत होते.

"पाच कोटी वर्षं!" ते अक्षता अंगावर घेत ओरडले. "मुलीकडच्यांना सांगा!" मुलीकडच्यांना मुहूर्त गाठायचा होता.

समुद्रातले हे जीव मसुरीएवढे, बरेचसे तर डोळ्यांना दिसतही नाहीत. प्रत्येक काळाचे वेगळे. खडकात कोण पुरलंय, त्यावरून त्याचं वय ठरतं. आमचा जिल्हा अख्खा काळ्या दगडाचा, समुद्राचा संबंध नाही. म्हणून काकांनी आयुष्यभर हाच विषय घेतला. सोयीचं काही करणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

मला इंग्रजी येतं आणि मी फार बोलत नाही, या दोन गुणांवर त्यांनी मला मदतीला घेतलं. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि दुसऱ्या काचेवर पसरलेल्या ओल्या, खरखरीत पुडीवर घासत राहायची, आरपार उजेड दिसेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली. कमी घासली तर काही दिसत नाही; जास्त घासली तर दगडच उरत नाही. पहिल्याच दिवशी मी कोट्यवधी वर्षं मोरीत वाहून घालवली.

"शाब्बास! प्रलयाला बी इतकं जमलं न्हाई," काका म्हणाले.

एक काच मात्र ते काकूंच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवतात. कधीही विचारा, "अजून जाड हाय."

काल त्यांनी ती स्वतःहून काढली. कच्छच्या सहलीत काकूंनी उचललेला दगड; आता एवढीच चकती उरलीय.

"तिनं इचारलं, किती जुना? म्हणलं, घरी गेल्यावर सांगतो. मग आधी पोरांचे परीक्षेचे दगड घासले. मग कुणाकुणाचे. तिनं बी कधी परत इचारलं न्हाई."

काकू जाऊन तीन वर्षं झाली.

त्यांनी काच पुडीवर टेकवली. ती खालच्या काचेवर किटकिट वाजायला लागली. त्यांनी ती उचलली, परत टेकवली, परत उचलली. मग माझ्याकडे न बघता, काच परत गुंडाळायला रुमालाची घडी उलगडू लागले.

मी रुमाल ओढून घेतला.

"द्या, काका. मी घासते. तुम्ही फक्त थांब म्हणा."