आत्याची मिश्री आणि दिपालीचा दगड

“मायाप्पा, तुझ्या घरची मिश्री लई मिळमिळीत हाय की!” मोरीपाशी उकिडवी बसून दात घासत केराबाई म्हणाली. कुंभारीहून ती काल भावाकडे भवानी पेठेत आली होती आणि स्वतःची मिश्री घरी विसरली होती.

मायाप्पाची मुलगी दिपाली धावत आली. आत्याच्या हातातली पत्र्याची डबी बघून ती किंचाळली.

“आत्या, थुंक! ती मिश्री नाही!”

“मग काय हाय?”

“एकशेसाठ कोटी वर्षांपूर्वीचा दगड!”

“तरीच. एवढं जुनं झाल्यावर कुटला झणका ऱ्हातोय?”

दिपाली सूक्ष्म जीवाश्मांवर संशोधन करत होती. दगड आम्लात विरघळवायचा, उरलेली काळी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि त्यातल्या पेशी साध्या की गुंतागुंतीच्या ते ठरवायचं. आपल्या दगडात गुंतागुंतीच्या पेशी आहेत, असं ती दोन वर्षं म्हणत होती. तिच्या फरहान सरांना ते पटत नव्हतं. आज अकरा वाजता ते शेवटचा नमुना बघणार होते. त्यात काही निघालं नाही तर विषय बदलायचा, असं ठरलं होतं.

प्रयोगशाळेत रंगकाम चालू होतं, म्हणून तिने काल सगळं सामान घरी आणलं होतं. रिक्षात भुकटीची बाटली तडकली. घरी येताच तिने फळीवरची आईची डबी घेतली आणि भुकटी तिच्यात ओतली. तळाशी काळं चिकटलं होतं, तो तिला गंज वाटला.

आत्याने दात मन लावून घासले होते. भुकटी एका काचपट्टीपुरती उरली.

सर आले. चहा बाजूला ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ते उभेच राहिले.

“दिपाली! पेशीला जाड भिंत! वर लांब काटे! साध्या पेशीला असे काटे येत नाहीत. तू जिंकलीस!”

“बघा, मी म्हणत होते!” दिपालीने आनंदाने काचपट्टी जरा सरकवली, आणि तिचा चेहरा उतरला. पानावर असतात तशी छिद्रं दिसत होती. पानं जन्माला यायला तेव्हा अजून शंभर कोटींहून जास्त वर्षं होती.

“सर,” ती हळूच म्हणाली, “ही तंबाखू आहे.”

सर खाली बसले.

“डबी रिकामी नव्हती, पोरी,” दारातून मायाप्पा म्हणाला. “तुझ्या आईची चिमूटभर मिश्री हुती. ती गेल्यापासनं मी झाकण उघडलं न्हाय.”



“राजीची हुती व्हय?” आत्या म्हणाली. “म्हनूनच मधी एक झणका बसला!”

सरांना हसू आवरेना. “नमुना बाद. पण तू स्वतःहून सांगितलंस. दगडाचा तुकडा शिल्लक आहे ना? पुन्हा विरघळव. विषय तोच ठेव.” ते काचपट्टी पुसायला निघाले.

“थांबा की साहेब,” मायाप्पा म्हणाला. “मला बघू द्या.”

तो स्टुलावर बसला. दिपालीने चाक फिरवून दिलं. दहा मिनिटं झाली. चहा गार झाला.

“काका, झालं का बघून?” सरांनी विचारलं.

“गडबड करू नका,” डोळा न काढता मायाप्पा म्हणाला. “आत्ता कुटं दिसाया लागलीया.”